गोखल्यांचे विधेयक

इ. स. १९१२ च्या मार्च महिन्यात हिंदुस्थानच्या वरिष्ठ कायदेमंडळात एका विधेयकावर कसून वादविवाद झाला. विधेयक प्राथमिक शिक्षणाचे होते आणि ते मांडणारे सभासद होते नामदार गोपाळ कृष्ण गोखले. अखेर मते मोजण्यात आली. बाजूने १३ आणि विरुद्ध ३८! विधेयक फेटाळले गेले.

गोखल्यांचा जन्म १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. वडील लवकर वारले. थोरल्या भावाने तुटपुंज्या पगारातून, पोटाला चिमटा घेऊन, धाकट्या भावाला शिकविले. पुढे गोखल्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये व फर्ग्युसन कॉलेजात अनेक वर्षे अध्यापन केले. एका मुलाच्या शिक्षणासाठी गरीब घराला केवढी झीज सोसावी लागते, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते.

त्यांची मागणी किती माफक होती! साऱ्या देशात एकदम सक्ती करा, असे ते म्हणत नव्हते. ज्या नगरपालिकेची वा लोकल बोर्डाची इच्छा असेल, तिने सरकारची संमती घेऊन आपल्या हद्दीत सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शाळेत पाठविणे सक्तीचे करावे. तेही तेथील बरीच मुले आधीच शाळेत जात असतील तरच. मुलींना हा नियम मागाहून लावता यावा. ज्या पालकाची मिळकत महिन्याला दहा रुपयांहून कमी, त्याला फी माफ असावी. खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा.

यावर सरकारी सभासद म्हणाले, लोकांची अशी मागणीच नाही, आणि एवढा पैसा आणावा कोठून? मुले शाळेत गेली तर गुरे कोण राखणार आणि शेतात कोण राबणार, अशी चिंता काही जमीनदारांना पडली. लेकराच्या मजुरीवाचून ज्या घरी चूल पेटत नाही, त्या घराने ही शंका काढली असती तर ती समजण्याजोगी होती. परंतु येथे ती काढणारे त्या घरचे नव्हते.

गोखल्यांनी इंग्लंड, जपान अशा देशांचे दाखले दिले. घरचा दाखलाही होताच. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी १८९३ साली अमरेली भागातील काही गावांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला होता आणि १९०६ साली ती योजना सगळ्या संस्थानाला लागू केली होती. जे एका संस्थानाला साधले, ते सरकारला का साधू नये? शेतकरी चार अक्षरे शिकला तर तो लगेच श्रीमंत होईल, असा भाबडा दावा गोखल्यांनी केला नाही. मात्र लबाड सावकार आणि अरेरावी करणारा हलका अधिकारी यांच्यापासून त्याला स्वतःचा बचाव अधिक चांगला करता येईल, असे ते म्हणाले. राज्यकारभार लोकांच्या हाती यावयाचा, तर एवढी शक्ती लोकांच्या अंगी प्रथम यावयास हवी. विधेयक पडणार, हे त्यांना आधीच ठाऊक होते. आपल्या पिढीने अपयशातूनच देशाची सेवा करावयाची आहे, असे सांगून ते खाली बसले. १९१५ साली त्यांचे निधन झाले.

दोनच वर्षांनी, १९१७ साली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्याहून मोठा हुकूम १९१९ सालचा. अस्पृश्यांच्या मुलांसाठी असलेल्या वेगळ्या शाळा बंद कराव्या आणि त्या मुलांना इतरांबरोबर सरकारी शाळांत घ्यावे, असा तो होता. अक्षरे वेगळ्या शाळेतही शिकता आली असती. परंतु शेजारी बसणारा आपल्या बरोबरीचा आहे, हा धडा वेगळ्या शाळेत कसा मिळणार?

२६ जानेवारी १९५० पासून भारताचे संविधान अमलात आले. प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मताचा अधिकार मिळाला. १९५१ च्या जनगणनेत शंभरांतील सुमारे अठराच माणसे साक्षर होती. म्हणून १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवून तिच्यावर चिन्ह लावले गेले. ज्यांना नाव वाचता येत नव्हते, त्यांनी चिन्ह पाहून मत दिले, आणि ते काम त्यांनी शहाणपणाने केले. तरीही एक गोष्ट मनाला लागते. मतदारांची यादी करताना अनेक ठिकाणी स्त्रियांनी स्वतःचे नावच सांगितले नाही; ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले. अशा सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली. मताचा हक्क त्यांना होता, पण तो बजावण्यासाठी लागणारे नाव कागदावर आले नाही.

चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न दहा वर्षांच्या आत व्हावा, असे संविधानात लिहिले होते. ती मुदत केव्हाच उलटली. २००२ साली संविधानात दुरुस्ती होऊन सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींचा तो मूलभूत हक्क ठरला आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या कायद्याने सरकारी शाळांना व्यवस्थापन समिती नेमणे भाग पडले. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया. शाळेला मिळालेला पैसा कोठे खर्च झाला, हे पाहण्याचे काम या समितीकडे असते.