शिबिर नको, ओपीडी हवी

मानसिक आरोग्यासाठी लोकप्रतिनिधींकडे काही मागायला जाणार असाल, तर तुम्हाला बहुतेक शिबिर मिळेल. आम्हालाही मिळालं होतं. त्या शिबिराने काय झालं ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं मी इतकं कळकळीने का लिहितेय ते लक्षात येईल.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या वेळेवर चालू असल्या की तो आपलं आपण सगळं करतो, लालबागहून चालत जाऊन एका बाइंडिंगवाल्याकडे कामही करतो. आमच्या वडिलांची गिरणी 1982च्या संपानंतर पुन्हा धड चालली नाही. नोकरीबरोबर कामगार विम्याचं कार्डही गेलं आणि त्या कार्डावर मिळणारे घरातल्या सगळ्यांचे उपचारही. गिरणगावातल्या कितीतरी घरांत दारू, निराशा, आजार हे सगळं त्याच सुमारास आलं आणि त्याची नोंद कुठल्या दवाखान्याच्या रजिस्टरात झाली नाही. आमच्यासारखी काही कुटुंबं लालबाग, परळ, दादर, गिरगावातून हळूहळू एकमेकांना ओळखू लागली. केईएम, नायर, सायन इथे मानसोपचार विभाग आहेत, हे मुंबईकरांचं मोठं भाग्य, आणि तिथले डॉक्टर किती माणसं बघतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण मोठ्या रुग्णालयात औषधाला जायचं म्हणजे त्या दिवसाची रोजी बुडते. आणि ज्या दिवशी माणूस सगळ्यात जास्त बिघडलेला असतो, नेमका त्याच दिवशी तो घरातून निघायला तयार नसतो. म्हणून आम्हाला हवी होती वॉर्डातल्या दवाखान्यात, चालत जाण्याच्या अंतरावर, आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी बसणारी ओपीडी आणि तिथेच मिळणाऱ्या गोळ्या.

निवेदनात आम्ही लिहिलं, ‘आमच्या भागात मानसिक आरोग्याच्या सुविधा वाढवाव्यात.’ एका लोकप्रतिनिधींनी आपुलकीने वाचलं, चहा पाजला आणि महिन्याभरात मंडळाच्या हॉलमध्ये शिबिर लावलं. बॅनर, खुर्च्या, रक्तदाब तपासणी, एक भाषण, एक मानसोपचारतज्ज्ञ. लोक आले, खरोखर आले. पलीकडच्या चाळीतल्या एक वहिनी मुलीला घेऊन आल्या. मुलगी दोन वर्षं खोलीबाहेर पडत नव्हती आणि त्यांनी ते शेजाऱ्यांपासूनही लपवलं होतं. डॉक्टरांनी नीट तपासलं, पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, ‘मग परत दाखवा’ म्हणाले. परत कुठे दाखवायचं ते कागदावर नव्हतं. गोळ्या संपल्या. मुलगी बरी व्हायला लागली होती, ती पुन्हा खोलीत गेली आणि वहिनींनी आमच्याकडे येणं बंद केलं. वर्षानुवर्षं झाकलेली गोष्ट माणूस एकदाच धीर करून उघडी करतो, आणि त्या दिवशी त्याच्या समोर पुढची तारीख नसेल तर तो दुसऱ्यांदा येत नाही.

तेव्हापासून आम्ही मागणीचा कागद असा लिहितो: कोणता दवाखाना, कोणता वार, कोणती वेळ, कोण बसणार, कोणती औषधं. एका कागदावर एकच मागणी. ‘जनजागृती’, ‘सक्षमीकरण’ हे शब्द त्यात येऊ देऊ नका. ते आले की त्यातूनच शिबिर निघतं. दुसरं काय निघतं तर खोली. आमदार निधीतून बांधकाम होतं, फर्निचर होतं, पण डॉक्टरचा आणि समुपदेशकाचा दरमहा पगार होत नाही. कोणी ‘जागा देतो’ म्हणालं तर आभार माना आणि तिथेच विचारा की त्या जागेत बसणाऱ्या माणसाचं पद कोण मंजूर करणार.

कायदा आपल्या बाजूने आहे आणि तो वाचून जायला हवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017चा, अमलात आला 29 मे 2018 रोजी. त्याच्या कलम 18मध्ये सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेचा हक्क आहे. ती सेवा प्राथमिक स्तरापासून सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळलेली असावी, रुग्णाला लांब जावं लागू नये, त्यासाठी पुरेशी आर्थिक तरतूद व्हावी, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. कलम 19 माणसाला समाजात राहण्याचा हक्क देतं. घरचे ठेवून घेत नाहीत एवढ्या कारणाने कोणाला रुग्णालयात अडकवून ठेवता येत नाही. आणि कलम 31 बघा, त्याकडे फारसं कुणी बघत नाही. लोकसंख्येच्या प्रमाणात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका, सामाजिक कार्यकर्ते आंतरराष्ट्रीय निकषांएवढे व्हावेत यासाठी सरकारने कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत प्रयत्न करायचे आहेत. म्हणजे मे 2028. मोघम मागणीपेक्षा अशी तारीख हातात असली की समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो.

नुसत्या कायद्याने मात्र काही हलत नाही. डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयापुढे काय काय आलं ते वाचा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण कागदावर होतं, पण त्याच्या बैठकाच होत नव्हत्या. बरी झालेली माणसं वर्षानुवर्षं राज्याच्या मनोरुग्णालयांत पडून होती. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही ती चार रुग्णालयं. न्यायालयाने मागे लागून सरकारला हलवलं. ही माणसं सुटून आली की ती याच चाळींत, याच वॉर्डांत राहणार, आणि जवळ ओपीडी नसली तर पुन्हा ठाण्याला जाणार. त्यांची सुटका आणि जवळची ओपीडी या दोन्ही मागण्या एकच आहेत, हे लोकप्रतिनिधींना समजावून सांगावं लागतं.

आता कोणाच्या दारात जायचं? आमचा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. वॉर्डातला दवाखाना महापालिकेचा, म्हणजे आधी प्रभाग कार्यालयातले आरोग्य अधिकारी, नगरसेवक आणि आयुक्त. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं प्रशासकच कारभार बघत होते. त्या काळात लोक सरसकट आमदारांकडे जाऊ लागले. आमदारांचं पत्र पालिकेसाठी शिफारस असते, हुकूम नसतो. आमदारांची खरी ताकद सभागृहात आहे: तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्थसंकल्पावरची चर्चा. त्यांच्याकडून पत्र घेण्यापेक्षा प्रश्न मागा, आणि तो स्वतः लिहून न्या. फक्त विभाग बरोबर हवा. महापालिकेचा विषय नगरविकास विभागाकडे, चार मनोरुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. चुकीच्या विभागाला विचारलं की ‘हा विषय या विभागाशी संबंधित नाही’ एवढ्यावर ते अधिवेशन संपतं. खासदारांकडे जायचं ते केंद्राच्या विषयांसाठी. आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकंच स्थान हवं, हे कायद्याचं कलम 21 सांगतं. 14416 ही टेली-मानसची हेल्पलाइनही केंद्राचीच, ऑक्टोबर 2022 पासून आहे. फोनवर धीर मिळतो, आणि तो फार मोलाचा आहे, पण गोळी दवाखान्यातच मिळते.

वेळ सांभाळा. महापालिका आयुक्त फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात अर्थसंकल्प मांडतात. जानेवारीत दिलेलं निवेदन त्या वर्षी वाया जातं, दिवाळीच्या आधी द्यायला हवं. विधिमंडळाचं अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात. तारांकित प्रश्नांची मुदत अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधीच संपते. या तारखा आमदारांना तोंडपाठ नसतात, त्यांच्या पीएंना असतात. ‘ताई, साहेब आत्ता नाहीत’ असं म्हणणाऱ्या त्या मुलाशीच आमची पुढे सगळ्यात जास्त कामाची बोलणी झाली.

जाण्याआधी माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो, फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. ‘का नाही’ असं विचारू नका, कारण नोंदीत असेल तेवढंच मिळतं. विचारा: अमुक वॉर्डातल्या दवाखान्यांत मानसोपचाराशी संबंधित मंजूर पदं किती, भरलेली किती, गेल्या वर्षी कोणती मानसोपचाराची औषधं किती आली, किती दिवस शिल्लक नव्हती. आलेलं उत्तर हाच तुमच्या निवेदनाचा पहिला परिच्छेद. आकडे उसने घेताना जपा. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातला, मानसिक आजार असलेल्यांपैकी 70 ते 92 टक्के लोकांना उपचार मिळत नाहीत, हा आकडा सगळीकडे फिरतो. तो खराही आहे. पण त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. ‘महाराष्ट्रातले इतके टक्के’ असं लिहिलंत आणि कुठल्या अधिकाऱ्याने ते पकडलं, तर उरलेल्या खऱ्या कागदावरही विश्वास राहत नाही.

एका गोष्टीचं मला आजही फार वाईट वाटतं. एका भेटीनंतर आमच्यातल्या एका आईचा तिच्या मुलासोबतचा फोटो, आजाराच्या नावासकट, कार्यालयातल्या कोणीतरी परिसरातल्या ग्रुपवर टाकला. मुलगा नुकता कामाला लागला होता. त्याचं काम गेलं. कायद्याचं कलम 23 गोपनीयतेचा हक्क देतं, पण फोन हातात आलेल्या कार्यकर्त्याला ते माहीत नसतं. आत शिरण्याआधी सांगा, ‘रुग्णाचा फोटो नको, नाव नको.’ निवेदनावर नावं नातेवाइकांची, आजार कोणाचा ते लिहायचं नाही. डॉ. जगन्नाथ वाणींसारखी माणसं वेगळी. कॅलगरीत प्राध्यापक असलेल्या या गृहस्थांनी पत्नीच्या स्किझोफ्रेनियाबद्दल उघडपणे बोलून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली आणि 2004 मध्ये ‘देवराई’ चित्रपट घडवून आणला. त्यांनी ते आपणहून, विचार करून केलं. कोणीतरी आपल्याला उघडं पाडणं आणि आपण उघडपणे बोलणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि जो स्वतः बोलायला तयार आहे, त्याला पुढे बसवा. एका बैठकीला माझा भाऊ आला. आम्ही नातेवाईक सकाळची ओपीडी मागत होतो, कारण ती आम्हाला सोयीची होती. तो म्हणाला, “साहेब, सकाळी मी कामावर असतो. संध्याकाळी ठेवा. आणि बाहेर वेगळा बोर्ड नको, साध्या रांगेतच बसू द्या.” इतकी वर्षं एका घरात राहून मी त्याला हे कधी विचारलं नव्हतं. त्याच दिवशी मागणीतली वेळ बदलली.

मतदार यादीही तपासा. सक्षम न्यायालयाने तसं जाहीर केल्याशिवाय मानसिक आजारामुळे कोणाचा मताधिकार जात नाही, पण घरचेच नाव घालत नाहीत. भावाचं नाव यादीत आहे, हे मी बैठकीत मुद्दाम सांगते.

आमच्या भागातल्या एका दवाखान्यात आता आठवड्यातून एक संध्याकाळ मानसोपचाराचे डॉक्टर बसतात. पद अजून कायम झालेलं नाही, त्यासाठी कागद फिरतोय. तुमच्याकडे असं काही सुरू झालं, तर पहिल्या तीन महिन्यांत ती रांग रिकामी दिसू देऊ नका. रुग्ण कमी म्हणून बंद, हा शेरा मारायला एक रजिस्टर पुरतं. मोठ्या रुग्णालयात जाणाऱ्यांना तिथल्या डॉक्टरांना विचारून नेहमीच्या औषधांसाठी इकडे वळवा, प्रत्येकाचा केसपेपर काढायला लावा, आणि ज्या दिवशी गोळी मिळाली नाही त्या दिवशी तिथल्या तिथे तक्रार लिहून पोच घ्या. पलीकडच्या चाळीतल्या वहिनींना मी गेल्या आठवड्यात दवाखान्याचा वार आणि वेळ चिठ्ठीवर लिहून दिली आहे. येत्या वेळेला मीच त्यांच्यासोबत जाणार आहे.