कृत्रिम दंतमूळ आणि स्वतःच्या रक्तातील वृद्धिघटक

दाढ गेली की पेढीवरील गृहस्थ दुसऱ्या बाजूने चावू लागतो व उपचार लांबणीवर टाकतो. आज सयाजीगंजासारख्या पेठेतही दंतवैद्य अशा जागी टायटॅनियमचे कृत्रिम मूळ, म्हणजे इम्प्लांट, बसवितात. त्यासंबंधी सभासद बंधुभगिनींस काही माहिती असणे इष्ट आहे.

स्वीडनचे डॉ. ब्रानेमार्क ह्यांस १९५२ साली सशाच्या हाडात बसविलेले टायटॅनियम सुटेना असे आढळले. हाड धातूशी एकजीव झाले होते. १९६५ साली त्यांनी हा प्रयोग मनुष्याच्या जबड्यात केला. हाड असे जुळण्यास सामान्यतः तीन ते सहा महिने लागतात.

ही जुळणी सुधारावी म्हणून रुग्णाचेच रक्त वापरण्याची कल्पना निघाली. रक्तातील प्लेटलेट ह्या सूक्ष्म कणिकांत वृद्धिघटक नावाची प्रथिने असतात. ती पेशींस वाढण्याचा व नव्या रक्तवाहिन्यांस फुटण्याचा संकेत देतात. १९९८ साली अमेरिकेत डॉ. मार्क्स ह्यांनी प्लेटलेटयुक्त प्लाझ्मा जबड्याच्या अस्थिरोपणात वापरला. तो गोठविण्यास तेव्हा गुरांच्या रक्तातील थ्रॉम्बिन घालीत. २००१ साली फ्रान्सचे डॉ. शुक्रून ह्यांनी काहीही न मिसळता रक्त दहा-बारा मिनिटे यंत्रात फिरवून फायब्रिनची पिवळसर गुठळी मिळविली. तिच्या जाळीतून वृद्धिघटक काही दिवस हळूहळू पाझरतात.

मात्र लाभाचा हिशेब नीट मांडावा. काही परीक्षणांत पहिल्या आठवड्यांत इम्प्लांटची स्थिरता वाढलेली दिसली; सर्वांचा कौल तसा नाही, व लाभ वर्षानुवर्षे टिकतो हे सिद्ध झालेले नाही. अनियंत्रित मधुमेह, तंबाखू व हिरड्यांची अस्वच्छता ह्यांनी होणारी हानी ही गुठळी भरून काढीत नाही.

आपणांस आणखी एक गोष्ट महत्त्वाची. हाड फार झिजले असता भरण घालतात. ते पुष्कळदा गुरांच्या अस्थींपासून केलेले असते, व वरचा पडदा कधी डुकराच्या ऊतीचा असतो. स्वतःच्या रक्ताची गुठळी त्या दोषापासून मुक्त आहे. पण ती लवकर विरघळते, म्हणून मोठी पोकळी तिने एकटीने भरत नाही. तेथे कॅल्शियम फॉस्फेटच्या कृत्रिम दाण्यांचा पर्याय आहे.

माल घेण्यापूर्वी तो कोठला, हे आपण विचारतोच. शस्त्रक्रियेपूर्वी दंतवैद्यासही तेच विचारावे. खुर्चीवर बसल्यावर विचारण्यास उशीर झालेला असतो.