प्रीमियम बंद करण्याआधी

चि. सायली,

नव्या करप्रणालीत ८०डीची, म्हणजे आरोग्य विम्याच्या प्रीमियमची, वजावट मिळत नाही, मग आईबाबांच्या मेडिक्लेमचे वर्षाला पन्नास हजार भरायचे कशाला, तेच एसआयपीत टाकते, असं तू लिहिलंस. तुझी बेरीज बरोबर आहे, प्रश्न मात्र उलटा मांडला गेलाय. सदुसष्ट वर्षांच्या मधुमेही माणसाचा विमा चालू ठेवायचा की नाही, हे आधी ठरायला हवं; त्यावर कर किती वाचतो हे नंतर. आपल्याकडे ही उलटापालट जुनी आहे. १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला आणि त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने ८०डीचं कलम आणलं. दोन्ही जोडीनेच घरात आल्यामुळे कित्येक मराठी घरांत विमा हा मार्च महिन्यात एजंटकडून घ्यायचा कागद झाला. आत काय लिहिलंय ते कुणी वाचलं नाही, पावती तेवढी जपून ठेवली.

आता आकडे बघ. जुन्या प्रणालीत स्वतःच्या कुटुंबासाठी २५ हजार आणि साठीपुढच्या आईवडिलांसाठी आणखी ५० हजारांपर्यंत वजावट आहे. वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे ५० हजारांवर उपकरासह १०,४०० रुपये वाचतात. एवढ्यासाठी जुन्या प्रणालीत परत जावं का? तुझा पगार ११ लाख धर. प्रमाणित वजावट, ८०सीचे दीड लाख आणि ८०डीचे पन्नास हजार असं सगळं वजा करूनही तिथे ८५,८०० रुपये कर होतो. नव्या प्रणालीत २०२५-२६ साठी तो शून्य आहे. म्हणजे तू नवी प्रणाली निवडलीस ते योग्यच. पण हातून काय गेलं तेही नीट मोज. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी उठला. पन्नास हजारांच्या प्रीमियमवर आधी नऊ हजार वर द्यावे लागत, ते आता द्यावे लागत नाहीत, आणि ही सूट प्रणाली कोणती हे विचारत नाही. तू ज्या वजावटीसाठी हळहळतेस ती बहुतांशी दुसऱ्या दाराने परत आली आहे.

यावर तुझं म्हणणं, लोअर परळच्या ऑफिसचा ग्रुप विमा आईबाबांनाही धरतो. धरतो, आणि कंपनीने भरलेला तो प्रीमियम तुझ्या उत्पन्नात मोजलाही जात नाही. जोवर आहे तोवर त्याचा पुरेपूर उपयोग कर. मात्र तुझं ऑफिस ज्या जुन्या गिरणगावात आहे त्याचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. १९४८च्या कायद्याने आलेली कर्मचारी राज्य विमा योजना गिरणी कामगाराला मिळाली. पगारातून वर्गणी जायची, परळला ईएसआयचं मोठं रुग्णालय होतं, आजही आहे. आजारी कामगारासाठी याहून भक्कम सोय त्या काळी दुसरी नव्हती. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, पुढे गिरण्या एकेक करून बंद झाल्या. या योजनेत उपचाराचा हक्क वर्गणीशी बांधलेला असतो. वर्गणी थांबली की ठरावीक मुदतीनंतर तोही थांबतो. लालबाग-परळच्या खोल्यांमधून पगार गेला तेव्हा औषधपाण्याची सोयही त्यापाठोपाठ गेली, आणि तीही पन्नाशीकडे झुकलेल्या, कापसाची धूळ छातीत घेतलेल्या माणसांची. दोष योजनेचा नव्हता. नोकरीला टांगलेलं कोणतंही संरक्षण असंच असतं. तुमच्या काचेच्या इमारतीतली नोकरकपात ही त्याच गोष्टीची सौम्य आवृत्ती.

त्यात बाबांची अडचण अशी की त्यांची सुटलेली पॉलिसी पुन्हा पूर्वीच्या अटींवर मिळणार नाही. सगळ्या वयोगटांसाठी कंपन्यांना आता पॉलिसी ठेवाव्या लागतात हे खरं, पण मधुमेहासारख्या आधीच्या आजाराला नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. शिवाय सलग पाच वर्षं झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. ती पाच वर्षंही पुन्हा पहिल्यापासून मोजायची. बाबांच्या पॉलिसीत आज सगळ्यात मोलाची वस्तू ही भरलेली वर्षंच आहेत. पॉलिसी पसंत नसेल तर नूतनीकरणाच्या दीड महिना आधी पोर्टिंगचा अर्ज कर. ती वर्षं सोबत येतात.

एसआयपीचं म्हणशील, तर वर्षाला पन्नास हजार आणि दहा टक्के परतावा असं उदार धरलं तरी पाच वर्षांनी साधारण तीन लाख छत्तीस हजार होतात. बाबांना पुढल्याच वर्षी अँजिओप्लास्टी लागली तर? तरीही तुझ्या मनातली कल्पना मी मोडीत काढत नाही. न्यू जर्सीतल्या अभिजितचं जे हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट तुला हेवा वाटण्यासारखं दिसतं, त्याचं वैशिष्ट्य हेच आहे: २००४ पासून तिथे पैसे भरताना, वाढताना आणि उपचारासाठी काढताना, तिन्ही वेळा केंद्राचा (फेडरल) कर लागत नाही, आणि उरलेली रक्कम पुढल्या वर्षात जाते. पण ते खातं विम्याऐवजी नाही, मोठ्या डिडक्टिबलच्या, म्हणजे ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आपणच सोसायच्या, विम्याला जोडूनच उघडता येतं. आपल्या कायद्याने प्रीमियमला सवलत दिली, साठवणुकीसाठी असं खातं दिलं नाही. ते आपणच उभं करायचं. जवळात जवळचं म्हणजे पीपीएफ: व्याज दोन्ही प्रणालींत करमुक्त, आणि पाच वर्षांनंतर गंभीर आजारासाठी मुदतीआधी खातं बंद करून पैसे काढता येतात. एसआयपी त्याच्या जोडीला चालू दे, प्रीमियमच्या जागी नको.

केईएम आणि टाटा हाकेच्या अंतरावर असताना हे सगळं कशाला, हा आईचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. १९२६चं केईएम आणि १९४१चं टाटा यांच्या तोडीचे डॉक्टर पैसे मोजूनही सहज मिळत नाहीत. महात्मा फुले योजनेत राज्यातल्या कुटुंबांना आता पाच लाखांपर्यंत उपचार आहेत, आणि बाबा सत्तरीला पोचले की आयुष्मानचं कार्ड उत्पन्नाची अट न लावता मिळेल. या सगळ्याचा लाभ घ्या, त्यात कमीपणा कसला? मात्र योजना यादीतल्या उपचारांना आणि यादीतल्या रुग्णालयांना लागू असतात, आणि केईएममधली खाट ही रांगेवर आणि नशिबावर आहे. रात्री दोनला छातीत दुखलं तर पाच मिनिटांवरचं रुग्णालय गाठता यायला हवं, मग ते यादीत असो वा नसो.

आता पॉलिसीचा कागद बाहेर काढ आणि खोलीभाड्याची ओळ शोध. पाच लाखांच्या पॉलिसीत एक टक्का मर्यादा असेल तर दिवसाला पाच हजार. तुम्ही दहा हजारांची खोली घेतलीत तर कंपनी नुसता वरचा फरक कापत नाही. डॉक्टरांच्या फीपासून शस्त्रक्रियागृहापर्यंत खोलीनुसार बदलणारे आकारही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मे, कापू शकते. दक्षिण मुंबईच्या खासगी रुग्णालयांत पाच हजारांत काय मिळतं ते तू चौकशी करून बघ. जुन्या पॉलिसीतला खरा धोका हा आहे, ८०डी नव्हे. मर्यादा नसलेली पॉलिसी मिळत असेल तर पोर्ट कर. प्रीमियम झेपत नसेल तर आहे ती ठेवून वर पाच लाखांच्या डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप घे. अर्जात मधुमेह, रक्तदाब, जुनं ऑपरेशन सगळं लिही. एजंट म्हणेल, राहू दे. त्याचं ऐकू नकोस.

जावईबापू जुन्या प्रणालीत आहेत, तेव्हा ८०डी तुमच्या घरात अजून जिवंत आहे. सासऱ्यांचा प्रीमियम आजवर तू भरतेस, पण सून म्हणून तुला त्याची वजावट कुठल्याच प्रणालीत नाही. मुलगा म्हणून जावईबापूंनी भरला तर त्यांना आहे, आईवडील अवलंबून असोत वा नसोत. सासूबाईंना कुणी विमा देत नाही म्हणालीस. साठीपुढच्या विमा नसलेल्या आईच्या तपासण्या, औषधं, डॉक्टरांची फी हे प्रत्यक्ष खर्चही त्याच ५० हजारांच्या मर्यादेत धरता येतात, फक्त पैसे रोख दिलेले नकोत. तेव्हा दादरच्या केमिस्टकडे यूपीआयने पैसे द्यायचे, बिल सासूबाईंच्या नावाचं मागायचं, आणि यूपीआय जावईबापूंच्या खात्यावरून झालं पाहिजे.

तुझा,
मामा