हौसेचा व्यवसाय : गोधडीची किंमत कशी काढाल?

मैत्रिणींनो, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला आपण आई-आजीजवळ बसूनच शिकलो. कुठल्या तुकड्याशेजारी कुठला रंग खुलेल, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. हीच आपली डिझाइनची कला. पण विकायची वेळ आली की आपण म्हणतो, "घरीच तर शिवलीय, द्या तीनशे रुपये!" इथंच आपण फसतो.

समजा, तुम्ही बाळाची छोटी गोधडी शिवली. हिशेब असा मांडा :

१. कापड, अस्तर, दोरा : २५० रुपये
२. प्रवास, पिशवी : ५० रुपये
३. मजुरी : २० तास, तासाला ४० रुपये = ८०० रुपये
४. एकूण खर्च : १,१०० रुपये
५. नफा १० टक्के : ११० रुपये
विक्रीची किंमत : १,२१० रुपये

आता बघा, तीनशेला दिली तर फक्त सामान आणि प्रवासाचे पैसे सुटले. वीस तासांची मजुरी शून्य!

गिऱ्हाईक "महाग आहे" म्हणालं, तर मजुरी कापू नका. त्याच नक्षीची कमी वेळात होणारी वस्तू दाखवा : आसन, उशीचा अभ्रा, बटवा. प्रत्येक नक्षीचा छोटा नमुना शिवून जपून ठेवा, म्हणजे तो दाखवून ऑर्डर घेता येते. ऑर्डर घेताना निम्मे पैसे आगाऊ घ्या.

या महिन्याचा अभ्यास : एक वस्तू करायला घ्या. रोज किती वेळ बसलात ते वहीत लिहा आणि पुढच्या बैठकीत ताईंना वाचून दाखवा.