आधी मीटर, मग पाना

कराड

चि. बाळू यास,


इस्लामपुरात दुकान टाकलंस, चांगलं केलंस. गळीत हंगाम सुरू झाल्यापासून तुला जेवायला उसंत नाही, असं ताई सांगत होती. पेठ-सांगली रस्त्यावर रात्रंदिवस उसाचे ट्रॅक्टर चालतात, त्यांवर टेप आणि बूफर असतात, आणि तक्रारही ठरलेली असते: ॲम्प बंद पडतो. तू तो लगेच खोलायला घेतोस असं कळलं, म्हणून लिहितोय. पाना हातात घेण्याआधी मीटर लाव. बिघाड बहुतेक वेळा ॲम्पच्या बाहेर, वायरीत आणि जोडात असतो.

मीटरची काळी वायर ॲम्पच्या अर्थला लाव आणि लाल वायर प्लसला. चांगली चार्ज झालेली बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. टेप चालू केला की रिमोटच्या वायरीवरही १२ च्या आसपास व्होल्ट यायला हवेत. हे सगळं जागेवर आहे, फ्यूज शाबूत आहे आणि तरी ॲम्पचा दिवा लागत नाही, तेव्हाच ॲम्पवर संशय घे.

हेच माप गाणं मोठ्यानं लावून पुन्हा घे. गाणं बंद असताना १४ व्होल्ट दाखवणारी जोडणी बास वाजला की १० वर येते, असं तुला पुष्कळदा दिसेल. हिशेब करून बघ. गंजलेल्या जोडाचा रोध फक्त ०.१ ओहम धर. त्यातून ४० अँपिअर करंट गेला, की ४ व्होल्ट तिथंच खर्च होतात आणि १६० वॅटची उष्णता त्या एका नटापाशी तयार होते. जोड चटका देतो, वायरीवरचं प्लास्टिक वितळतं, आणि व्होल्टेज कमी पडल्यामुळं ॲम्प स्वतःला बंद करून घेतो. गिऱ्हाईक म्हणतं, ‘हळू वाजतो, मोठा केला की बंद पडतो.’ अशा गाडीवर नवा ॲम्प बसवलास तर तोही बंदच पडणार. ट्रॅक्टरवर हादरे, धूळ आणि चिखल यांनी अर्थचा जोड लवकर सैल होतो. म्हणून रंग खरवडून लोखंड उघडं कर, थिंबल नीट दाबून बसव आणि नट आवळ. अर्थची वायर आखूड ठेव, प्लसच्या वायरीइतकीच जाड घे.

प्रोटेक्टचा लाल दिवा लागला, तर स्पीकरच्या सगळ्या वायरी काढून ॲम्प चालू कर. तरीही दिवा लागला, तर आरसीए पिना काढून बघ. त्यानंतरही तो विझला नाही, तर आतला ट्रान्झिस्टर शॉर्ट असण्याची शक्यता मोठी. पण स्पीकर काढताच विझला, तर एकेक जोडून बघ. कुठं तरी वायर बॉडीला टेकली असेल, नाही तर कुणी ४ ओहमचे दोन बूफर पॅरलल जोडून २ ओहम केले असतील. ब्रिज केलेल्या ॲम्पला बहुधा ४ ओहमच्या खाली चालत नाही.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ ऐकू आली, तर आधी अर्थ तपास, मग आरसीएची वायर प्लसच्या वायरीपासून लांब ने. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. तो टेपच्या सिग्नलशी जुळवायचा असतो; उगाच वाढवला की आवाज फाटतो आणि स्पीकरची कॉइल जळते.

दोन गोष्टी मात्र कुणी कितीही गळ घातली तरी करू नकोस. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा तार घालू नकोस. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, म्हणून तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. आणि पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी आली, तर ॲम्पला करंट देऊन बघू नकोस. २०१९ आणि २०२१ साली कृष्णाकाठानं पूर पाहिलाय, तशा गाड्या तुझ्याकडे येणार. आधी बॅटरी सोड, ॲम्प काढ, खोलून धू, पूर्ण वाळव, मगच चालू कर.

ड्रायव्हर रात्रभर जागं राहावं म्हणून गाणी लावतो, त्याचे कष्ट मला कळतात. पण दोन ट्रॉल्या मागं असताना ओव्हरटेक करणाऱ्याचा हॉर्न त्याला ऐकू आलाच पाहिजे. रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, हे २००० सालच्या नियमांत आहे. बूफरचं तोंड रस्त्याकडं करून देऊ नकोस. त्याला स्वच्छ ऐकू येईल एवढाच आवाज जुळवून दे.

प्रत्येक गाडीचे आकडे वहीत लिही आणि गिऱ्हाइकाला मीटर दाखव. तपासणीची मजुरी बिनधास्त माग, ती तुझ्या विद्येची आहे. पण ज्याचा फक्त जोड सैल आहे, त्याला नवा ॲम्प विकू नकोस. उचल घेऊन राबणाऱ्या माणसाचे ते पैसे असतात.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग. अडलास तर मीटरवरचे आकडे घेऊन फोन कर.

तुझा,
मामा