पॅनडॉक आणि जुन्या फॉन्टमधील मराठी

पॅनडॉक हा दस्तऐवज एका स्वरूपातून दुसऱ्यात नेणारा प्रोग्राम बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. तो आज्ञा-ओळीवर, म्हणजे फाइलचे नाव व हवे ते स्वरूप टाइप करून चालवावा लागतो. शीर्षके, परिच्छेद, तळटीपा ही मजकुराची रचना तो जपतो, फॉन्ट मात्र सोडून देतो, आणि वाशिम जिल्ह्यातील डीटीपीच्या दुकानांतून आजही निघणाऱ्या मराठी फाइलींचे पितळ उघडे पडते ते इथेच.

याच जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथील बलात्कारगण व सेनगण या जैन मंदिरांतील हस्तलिखित भांडारांवरील एका पुस्तिकेची वर्ड फाइल, ‘युनिकोडच आहे’ या स्पष्ट ग्वाहीसह, प्रस्तुत लेखकाच्या हाती देण्यात आली होती. ई-पुस्तकासाठी ती पॅनडॉकमधून काढताच ‘कारंजा’ या शब्दाच्या जागी डी, के, जे, ए, टी, के अशी सहा रोमन अक्षरे उमटली. मजकूर कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये होता, ज्यात रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असतात. फाइलमध्ये मराठी कधी नव्हतीच, फॉन्ट ती केवळ दाखवत होता. यावर डीटीपी चालकाने ‘आमच्या मशीनवर बरोबर दिसते, तुमचा प्रोग्रामच बोगस आहे’ असे सुनावले आणि पुन्हा टाइप करण्याचे पानामागे वेगळे पैसे मागितले. पहिले पूर्ण पैसे घेऊन झाल्यावरची ही मागणी निव्वळ नाडवणूक होती.

म्हणून पैसे चुकते करण्याआधी फाइलमधील एक परिच्छेद नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा. तेथे तो मराठीत वाचता आला तरच फाइल स्वीकारावी. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणताना नुसती अक्षरांची अदलाबदल पुरत नाही, कारण कृतीदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर साठवला जातो, त्यामुळे ‘वाशिम’सारखा साधा शब्दही क्रम न बदलल्यास मोडतो. हे काम करणारी परिवर्तके मिळतात, तरी जोडाक्षरे डोळ्यांनी तपासणे सुटत नाही.

पीडीएफ करताना पॅनडॉक मूळ सेटिंगवर पीडीएफ-लाटेक्स हे इंजिन वापरतो आणि देवनागरीपाशी अडतो. त्याऐवजी झी-लाटेक्स निवडले, पण फॉन्ट सांगितला नाही, तर अक्षरे गाळलेली पाने मिळतात आणि इशारा फक्त पडद्यावर येतो. नोटो सेरिफ देवनागरीसारख्या फॉन्टचे नाव द्यावेच, शिवाय फॉन्टच्या पर्यायांत लिपी देवनागरी असल्याचेही नमूद करावे, अन्यथा जोडाक्षरे सुटी पडतात.

पीडीएफमधून मजकूर परत काढणे पॅनडॉकला जमत नाही, त्यामुळे केवळ पीडीएफ देऊन मोकळे होऊ पाहणाऱ्याकडून मूळ फाइल मागून घ्यावीच. नव्याने तयार होणाऱ्या फाइलला जुन्याच फाइलचे नाव दिले, तर पॅनडॉक न विचारता ती पुसून नवी लिहितो, म्हणून मूळ प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी.