शाळेची जुनी इमारत : दुरुस्त करावी की पाडावी?

गावातील शाळेची इमारत जुनी झाली म्हणजे ग्रामसभेत बहुधा दोनच मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, “ही पाडून टाकावी आणि स्लॅबची नवी बांधावी.” दुसरा म्हणतो, “आजोबांच्या वेळेपासून उभी आहे, आणखी दहा वर्षे काही होत नाही.” ही दोन्ही मते बहुतेक वेळा इमारतीकडे न पाहताच दिलेली असतात. पहिल्या मतामुळे दुरुस्तीने टिकली असती अशी भक्कम वास्तू जाते. दुसऱ्यामुळे मुलांच्या डोक्यावर धोका टांगलेला राहतो. निर्णयाचा अधिकार शिक्षकाचा नाही हे खरे. तो अभियंता, पंचायत समिती व जिल्हा परिषद यांचा आहे. परंतु अभियंता येऊन तासाभरात परत जातो. शिक्षक मात्र त्या भिंतींमध्ये वर्षभर वावरतो. कोणत्या पावसात कोणती भिंत ओली झाली, कोणती भेग केव्हा दिसू लागली, हे त्याच्याखेरीज कोणाला सांगता येणार? म्हणून त्याच्या नोंदीला मोल आहे.

उदाहरणादाखल देवळी तालुक्यातील, पुलगावाला लागून असलेले नाचणगाव डोळ्यांपुढे ठेवावे. वर्धा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या जनपद सभांकडे तेव्हा ग्रामीण भागाचा कारभार होता. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. पुढे १९८७ मध्ये खडू-फळा योजना आली, २००१ नंतर सर्व शिक्षा अभियान आले. प्रत्येक काळात कोठे दोन, कोठे चार खोल्या वाढल्या. त्यामुळे नाचणगावासारख्या जुन्या व मोठ्या गावात ज्याला ‘शाळेची इमारत’ म्हणतात ती वस्तुतः एक इमारत नसते. एकाच आवारात दगड-मातीच्या भिंतींची कवेलूंची खोली, विटांच्या भिंतींवर पत्रे घातलेली खोली आणि स्लॅबची खोली अशा तीन पिढ्या शेजारी शेजारी उभ्या असतात. ‘शाळा दुरुस्त करावी की पाडावी’ हा प्रश्नच म्हणून चुकीचा ठरतो. प्रश्न प्रत्येक खोलीपुरता स्वतंत्र विचारावा लागतो. खोल्यांना क्रमांक देऊन, प्रत्येकीचे बांधकाम-वर्ष व प्रकार लिहून, आवाराचा साधा नकाशा काढणे ही कामाची सुरुवात होय.

यापूर्वी एक गोष्ट मात्र नियोजनाची वाट न पाहता करावयाची आहे. २८ ऑगस्ट २०१७ रोजी अहमदनगर जिल्ह्यातील निंबोडी येथे पावसात प्राथमिक शाळेचे छप्पर कोसळून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथे २५ जुलै २०२५ रोजी शाळेची इमारत पडून सात मुले गेली. दोन्ही घटना पावसाळ्यातील आहेत, हा योगायोग नव्हे. भिजलेली भिंत आणि भिजलेले छप्पर अधिक जड असते व अधिक दुबळेही असते. म्हणून भिंत बाहेर झुकलेली दिसली, तुळईचे टोक भिंतीतून सरकलेले दिसले, किंवा स्लॅबचे तुकडे पडू लागले, तर त्याच दिवशी ती खोली रिकामी करावी, दाराला कुलूप लावावे, पागोळ्यांखाली मुले खेळणार नाहीत अशा रीतीने भोवती कुंपण घालावे आणि मुख्याध्यापकाने गटशिक्षणाधिकारी व बांधकाम उपविभाग यांस लेखी कळवावे. दुरुस्ती की पुनर्बांधणी, हे त्यानंतर सावकाश ठरवता येते.

आता पाया आणि भिंत. वर्धा जिल्ह्याच्या पुष्कळ भागात काळी माती आहे. कापसाला ती वरदान आहे, बांधकामाला मात्र नाही. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून फाटते आणि तिच्यावरील पाया वर्षातून एकदा उचलला जातो व एकदा खचतो. अशा जमिनीवरील भिंतीत दरवाजा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या, पायऱ्यापायऱ्यांनी चढणाऱ्या भेगा पडतात. शिक्षकाने अशी भेग मे महिन्यात एकदा व सप्टेंबरात एकदा मोजावी. पावसाळ्यात भेग मिटत असेल तर दोष जमिनीच्या हालचालीचा आहे असा तर्क करता येतो. ती दरवर्षी रुंदच होत जात असेल तर पाया एका बाजूस खचत आहे असे समजावे. मोजण्याची रीत सोपी आहे. भेगेच्या दोन्ही काठांवर पेन्सिलीने खुणा करून अंतर व तारीख लिहावी. अथवा पातळ काचेची पट्टी भेगेवर आडवी ठेवून तिची दोन टोके सिमेंटने चिकटवावीत. भिंत हलली की काच तडकते. ओळंबा सोडून भिंतीचा कल पाहावा व तोही लिहावा. भिंत झुकलेली नसेल तर ही मापे चौथी-पाचवीच्या मुलांकडून बाहेरच्या बाजूने, शिक्षकांच्या देखत, घेण्यास हरकत नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत हातच्या कामातून शिक्षण देण्याचा जो विचार मांडला गेला, त्याला मापन आणि आलेखाचा याहून सोयीचा पाठ सापडणे कठीण.

काळ्या मातीतील सर्वच भेगा म्हणजे इमारतीचा अंत नव्हे. जोत्याशी पाणी साचणे थांबले, भोवती उतार देऊन फरशीची पट्टी केली, नाली काढली, भिंतीला लागून वाढलेले झाड वेळीच हलविले, तर पुष्कळ भिंती स्थिर होतात. याचा खर्च नव्या खोलीच्या मानाने अल्प असतो, पण तो कोणी मागत नाही, कारण नालीचे उद्घाटन होत नाही. उलट, जुनी खोली पाडून त्याच जागी, तशाच उथळ पायावर नवी बांधली, तर काही वर्षांत नव्या भिंतीतही जुन्याच भेगा उगवतात. अशा जमिनीसाठी रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेल्या खोल खांबांचा पाया विकसित केला आहे. नवी इमारत मागताना पायाचा प्रकार अंदाजपत्रकात काय धरला आहे, हे शाळा व्यवस्थापन समितीने विचारावे.

दगड-मातीच्या जाड भिंतींविषयी अधिक सावध असावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत जी घरे पडली, त्यांपैकी पुष्कळांच्या भिंती जाड व वर मातीचे जड धाबे होते. भिंतीची आतली व बाहेरची अशी दोन अंगे वेगवेगळी रचलेली, मधे माती व कपच्या भरलेल्या, आणि दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत. धक्का बसताच अंगे सुटली. त्यानंतर ५२ गावांचे पूर्ण स्थलांतर झाले. परंतु इतर पुष्कळ गावांत घरे न पाडता आरपार जोड घालून आणि छपराखाली सलग पट्टा बांधून ती मजबूत करण्यात आली. वर्धा जिल्ह्यात भूकंपाचा धोका तुलनेने कमी आहे. तथापि दगडी भिंत पोटाशी फुगलेली दिसल्यास तिची दोन अंगे सुटत आहेत असे समजून अभियंत्यास दाखवावी. जाडी म्हणजे बळकटी नव्हे.

छपराच्या बाबतीत मात्र लोकमत नेमके उलटे असते. कवेलूंचे छप्पर गळू लागले की इमारत मोडकळीस आली असे मानतात. वस्तुतः कवेलू हे दरवर्षी फेरण्यासाठीच असतात. सेवाग्रामातील आदिनिवास १९३६ मधील असून माती, बांबू व कवेलू यांचे ते बांधकाम नियमित देखभालीने आजतागायत उभे आहे. सागाची मयाल व वासे यांना वाळवी लागलेली नसेल तर फेरणी करून, फुटके कवेलू बदलून, ती खोली पुन्हा कोरडी होते. याउलट स्लॅबची खोली वरून धडधाकट दिसत असते. पाणी झिरपून आतील सळया गंजतात. गंजलेले लोखंड फुगते आणि खालचे काँक्रीट पापुद्र्यासारखे सोडवते. छताला तांबूस डाग किंवा सळईच्या रेषेत सरळ भेग दिसली तर वरून गिलावा करून ती झाकू नये. काठीने ठोकून पाहण्याचा मोहही टाळावा. ते काम अभियंत्याचे. चाळीस वर्षांची स्लॅबची खोली पाडावी लागते आणि तिच्याशेजारची त्याहून जुनी कवेलूंची खोली राहते, असा निष्कर्ष निघाला तर आश्चर्य मानू नये.

यानंतर गरज मोजावी. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली आणि कार्यालय, भांडार व मुख्याध्यापक यांसाठी मिळून एक खोली लागते. त्याखेरीज मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, पोषण आहाराचे स्वयंपाकघर, अडथळाविरहित प्रवेश, क्रीडांगण व कुंपण हवे. त्याच कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत पटाला दोन, ६१ ते ९० ला तीन आणि ९१ ते १२० ला चार शिक्षक असतात. समजा, पट ८५ आहे व खोल्या नऊ आहेत. तर गरज तीन वर्गांची व एका कार्यालयाची, म्हणजे चार खोल्यांची आहे. नऊ खोल्यांचे नवे बांधकाम मागितले तर प्रस्ताव परत येणार, आणि तो परत येणेच योग्य. नवी शाळा बांधली की पट आपोआप वाढेल, हा युक्तिवाद ग्रामसभेत मोठ्या उत्साहाने होतो. जन्मनोंदी, अंगणवाडीतील बालके आणि जवळच्या शहरातील शाळांत जाणारी मुले यांची संख्या पाहिल्यावाचून तो मान्य करू नये.

खर्चाच्या तुलनेसाठी अमेरिकेतील ओहायो राज्यात एक संकेत प्रचलित झाला : दुरुस्तीचा खर्च नव्या इमारतीच्या दोन-तृतीयांशांहून अधिक होत असेल तर नवी बांधावी. हिशेबाला असा दंडक बरा वाटतो, पण त्यात चूक शिरते ती खर्चाची बाजू अपुरी मांडल्याने. जुने पाडण्याचा व मलबा हलविण्याचा खर्च, बांधकाम चालू असताना मुले बसतील त्या जागेचे भाडे, नवी वीजजोडणी, हे सारे नव्या इमारतीच्या खात्यावर लिहिले पाहिजे. दुरुस्तीच्या खात्यावर दरसालच्या देखभालीचा खर्च धरला पाहिजे. रक्कम अभियंता काढील. पण कोणती बाब राहून गेली, हे मुख्याध्यापकाने तपासावे.

निर्लेखनाचा प्रस्ताव करण्याचे ठरल्यास व्यवस्थापन समितीचा ठराव, ग्रामसभेचा ठराव, खोल्यांची क्रमवार छायाचित्रे, भेगांच्या तारीखवार नोंदी आणि जागेचा उतारा ही कागदपत्रे जोडलेली बरी. त्या समितीत पालकांचे प्रमाण कायद्याने तीन-चतुर्थांश आहे व निम्म्या महिला आहेत. इमारतीखाली मुले ज्यांची बसतात त्यांनीच सही करावी हे उचित. जुन्या शाळांच्या बाबतीत जागेचा उतारा हीच अनेकदा अडचण ठरते. कोणीतरी तोंडी दान दिलेली जमीन पुढे कोणाच्या नावे चढली, हे तलाठ्याकडे आधीच पाहून ठेवावे.

जी खोली धोकादायक नाही, केवळ अपुरी आहे, ती नव्या कामाचा कार्यारंभ आदेश हाती येईपर्यंत पाडू नये. अनुदान मंजूर होणे व काम सुरू होणे यांत मोठा काळ जातो. तेवढ्यात वर्ग समाजमंदिरात भरू लागले की लग्नसराईत शाळेला सुटी द्यावी लागते. पाडण्याचे काम उन्हाळ्याच्या सुटीत करावे. विदर्भात शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात, म्हणून थोडी अधिक सवड मिळते. सागाच्या मयाली, दारे-खिडक्या, अखंड कवेलू व घडीव दगड पाडण्यापूर्वी मोजून त्यांची यादी करावी आणि जडसंग्रह नोंदवहीत त्याप्रमाणे नोंद घ्यावी. यांतील दगड कुंपणाच्या भिंतीस व फरशीच्या पट्टीस उपयोगी पडतो, लाकडाचा लिलाव जिल्हा परिषदेच्या नियमाप्रमाणे होतो.